काळी न पडलेली चांदी

चांगचौ. सातवा महिना, भुतांना जेवू घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी

डुकरास,

रताळ्याचा ताप उतरला. तू विचारलं नव्हतंस, पण तुझ्या सख्ख्या बहिणीचं पोर आहे, म्हणून कळवते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागदाला लाल बटण नसतं. पाकिटावर तुझा शांघायचा पत्ता आणि तुझं मोठं नाव आ-हुनकडून लिहून घेतलं. आत मी लिहितेय, तेव्हा आत तू डुक्करच. जन्मलास तेव्हा वीतभर होतास. चांगलं नाव ठेवलं असतं तर भुतांची नजर पडली असती. भुतं फसली. नाव मात्र तुला लागू पडलं.

परवा आ-हुन भर दुपारी शेवयांचा गाडा नवऱ्यावर टाकून आली. पोर तव्यासारखं तापलं होतं. दवाखान्यातलं औषध पाजून झालं होतं, तरी हिचं आपलं एकच, "आमा, नाणं काढ ना. डॉक्टर डॉक्टरच्या जागी." मी अंडं उकडलं, सोललं, चीर देऊन त्यात आपलं जुनं चांदीचं नाणं खोचलं, रुमालात बांधलं आणि गरम गरम पोराच्या पोटावरून, पाठीवरून फिरवलं. तुझ्या पोटावरून मी ते इतक्या वेळा फिरवलंय की तुझ्या बेंबीपेक्षा ते नाणं मला जास्त ओळखीचं. अंडं निवल्यावर नाणं काढायचं. ते निळंकाळं पडलं की समजायचं, अंगातला वारा बाहेर आला.

पडलं नाही. जसं गेलं तसं बाहेर आलं, लग्नात न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं चकचकीत.

दुसरं अंडं उकडलं. तेच.

चांदी असली की अंड्यात काळी पडते. पोराला ताप असो नसो, ती पडतेच. हे मला लग्न होऊन आल्यापासून माहीत आहे. वाऱ्याबिऱ्याचं आपण आईच्या समाधानासाठी बोलतो. काळं न पडणारं काय असतं, तेही मला माहीत आहे.

आ-हुन मोरीत रडत रडत फडकं पिळत होती. तिथूनच ओरडली, "आमा, पडलं का काळं?"

मी कढईच्या बुडाची काजळी बोटावर घेतली, नाण्याला चोळली आणि लांबूनच दाखवलं. "कोळसा झालाय बघ. दांडगा वारा होता."

ती रडायची थांबली. माझ्या हातून मात्र खोटं नाणं खरं म्हणून गेलं.

आता तू आठव. पूर्वजांच्या कबरी झाडून आलो त्या दुपारी तू म्हणालास, "आमा, नाणं दे, गच्चीवर उजेड चांगला आहे, फोटो काढतो." मी खाली तुझ्यासाठी कालवांचं धिरडं घालत होते. धिरडं होईपर्यंत तू खाली आलास, नाणं माझ्या हातात दिलंस आणि दोन धिरडी जास्तच खाल्लीस. आणि नवीन वर्षाला आला होतास तेव्हा छोटा तराजू घेऊन बसला होतास. मला वाटलं, नातू आजीला भेटायला आला. नातू माप घ्यायला आला होता.

ते नाणं आ-हुनचं आहे, हे तुला पहिल्यापासून ठाऊक आहे. या घरात ते सासूकडून घरातल्या पुढच्या बाईकडे जातं. तुझा बाप गेला, तुझ्या आईनं दुसरं घर केलं, तुम्हा दोघांना मी वाढवलं, तेव्हा बाई उरली ती आ-हुन. रताळ्याचं वर्ष भरेल तेव्हा चार नातेवाईकांदेखत तिच्या हातात द्यायचं ठरलंय. थंडीचे लाडू झाले की लगेच.

तोपर्यंत माझं तोंड बंद. घेऊन ये.

आमा


चांगचौ. आठवा महिना, चंद्राच्या पोळ्या संपल्यावर

डुकरास,

तुझं पत्र मिळालं. छापलेलं! हातानं लिहायची लाज वाटली, की हाताचा भरवसा उरला नाही?

तू लिहितोस, नाणं "सुरक्षित" आहे. ते इथंही सुरक्षित होतं. कापडाच्या पुरचुंडीत होतं आणि पुरचुंडी माझ्या उशीखाली होती. तू लिहितोस, परीक्षा करणाऱ्यांनी ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून वर शेरा मारला, "घासलेलं." त्या एका शब्दानं किंमत अर्ध्यावर आली. म्हणजे चोरी तू केलीस आणि नुकसान मी केलं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, छापलेल्या पहिल्यांदा पाहिल्या.

हो, घासलं. काळं पडलेलं नाणं चुलीच्या राखेनं घासतात. मग दुसऱ्या पोराला ताप येतो. माझ्या सासूनं घासलं, तिच्या सासूनं घासलं. "तू काय घासत होतीस हे तुला कळलंच नाही," असं मला शिकवतोस? मी तुझं पोट घासत होते. दर पावसाळ्यात तुला हगवण लागायची.

पुढं तू मला माझ्याच नाण्याची गोष्ट सांगतोस. की ते ड्रॅगनच्या नाण्यांच्या आधीचं, परदेशी यंत्रं यायच्या आधी हातानं ठोकलेलं, आपल्याच गावच्या शिपायांच्या पगारासाठी. अरे, हे मी तुला मांडीवर घेऊन सांगितलं. त्यावरची चार अक्षरं, चांग, चौ, लष्कर, पगार, ही मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलेली अक्षरं. बायकांच्या अक्षरवर्गात बाईंनी सांगितलं, घरात जे लिहिलेलं असेल ते वाचा. आपल्या घरात वाचायला दुसरं काही नव्हतं. खाली ती वेलबुट्टीसारखी सही आहे ना, तिच्यावरून म्हणे विद्वान भांडतात. कुणी म्हणतं अमक्या सेनापतीची, कुणी म्हणतं दोघा अंमलदारांची मिळून. माझी सासू म्हणायची, "ज्यानं पगार दिला त्यानं सही केली. ज्यानं मधल्या मधे कापून घेतला त्यानं केली नाही." तिनं शाळा पाहिली नव्हती, पण सरकार पाहिलं होतं.

अशी नाणी उरली नाहीत म्हणून तुमच्या बाजारात त्यांना भाव. का उरली नाहीत, ते त्या डबीवर लिहिलंय का? माझ्या सासूच्या बहिणीनं आपलं वितळवून केसातला काटा केला. समोरच्यांनी सरकारी बँकेत वजनावर दिलं. आपलं राहिलं, कारण तुझ्या आकोंगनं, माझ्या नवऱ्यानं, ते डुकरांच्या कोंडवाड्यात पाण्याच्या कुंडीखाली पुरलं. झडती घ्यायला आलेले नाक धरून परत गेले. त्या डुकरानं ते सांभाळलं. तू त्याचं नाव लावतोस, निदान नावाची तरी लाज राख.

आणि त्यावर ते बारीक ठसे आहेत ना, ज्यांना तू "खराबी" लिहिलंस? ते तुझ्या खापरपणजोबांच्या धंद्यातल्या लोकांचे. पेढीवर चांदी पारखणारा माणूस नाणं दोन बोटांच्या टोकांवर तोलायचा, दुसऱ्या नाण्यानं टिचकी मारायचा, कान देऊन ऐकायचा, आणि खरं असेल तर आपला ठसा मारायचा. ठसा म्हणजे, माझ्या हातून गेलं, खोटं निघालं तर मला धरा. निघालंच तर तो आपल्या भातातून भरपाई करायचा आणि खोटं नाणं छिन्नीनं चिरायचा, म्हणजे पुढं कुणी फसायला नको. त्यांची छिन्नी आपल्याकडे अजून आहे. मी तिनं कालवं उघडते.

नाणं आण.

आमा


चांगचौ. दहावा महिना, नर्गिसचे कांदे कोरायला घेतले

डुकरास,

दारात बसून फुलांचे कांदे कोरतेय, नवीन वर्षाला फुलायला हवेत, मधेच हात पुसून लिहितेय. कागदावर डाग पडले तर ते कांद्याच्या चिकाचे. दुसरा काही अर्थ काढू नकोस.

काल आ-हुन फोन नाचवत आली. "आमा, दादानं रताळ्यासाठी लाल पाकीट पाठवलंय! बघ, केवढं! मी म्हटलं नव्हतं, दादा मनाचा वाईट नाही?"

मी म्हटलं, "हो ना. मोठ्या मनाचा आहे. त्यात इतरांचंही मावतं."

"तू त्याला सारखी टोचतेस म्हणून तो येत नाही."

ऐकून घेतलं. तिच्याच नाण्याच्या पैशातला तुकडा तिलाच बक्षीस, आणि वर तुझी आरती मी ऐकायची. आपलेच दात, आपलेच ओठ.

तुझं दुसरं पत्र तिच्या हाती पडू नये म्हणून टपालवाल्याची वाट बघत मी दारात बसून होते. या वयात असे चोरटे धंदे मी तुझ्यामुळे शिकले. म्हणजे विकलंस. मुलीच्या आईनं घर घेतल्याशिवाय लग्न नाही म्हणून सांगितलं, पहिला हप्ता भरायचा होता, दुसरा मार्ग नव्हता. "आमा, तू समजून घेशील." समजून घ्यायला मला काय झालंय? मला सगळं समजतं. मुलीच्या आईचंही समजतं. मीही आ-हुनच्या नवऱ्याला विचारलं होतं, गाडा स्वतःचा की भाड्याचा.

तू विचारतोस, मागितलं असतं तर दिलं असतंस का?

नसतं दिलं.

पण मागायला हवं होतंस. मी नाही म्हटलं असतं, तू पाय आपटत गेला असतास, नवीन वर्षाला रुसून बसला असतास, आणि पुढच्या वर्षी धिरडी खायला आला असतास. हे घर असंच चाललंय. नाही म्हणायचा माझा हक्क तू चोरलास. नाण्याचं नंतर बघू.

ज्याला विकलंस त्याच्याकडून परत घे. घर विक, ती मुलगी सोड नाहीतर धर, मला घेणं नाही. मी एका खोट्या नाण्याला काजळीचा ठसा मारून बसलेय. माझ्या हातून गेलंय ते. रताळ्याचं वर्ष भरायच्या आत मला ते पुसायचंय.

एकदा बोल. लिहून नाही, तोंडानं.

आमा


चांगचौ. अकरावा महिना, थंडीच्या लाडवांच्या दिवशी

डुकरास,

आलं.

कुरिअरचा पोरगा सही करा म्हणून ओरडत होता आणि मला पेन सापडेना. मी खुर्चीवर बसले. एवढंच सांगते.

प्लॅस्टिकची डबी तू काढून टाकलीस ते बरं केलंस. पुरचुंडीत बांधलं. संध्याकाळ झाली होती, डोळ्यांना काही धड दिसत नव्हतं, तरी आधी अंडं उकडलं. हसू नकोस. अंडं सोललं, नाणं खोचलं, रताळ्याचं पोट नव्हतं म्हणून आपल्याच गुडघ्यावरून फिरवलं. काढलं तर निळंकाळं, जांभळाच्या सालीसारखं. राखेनं घासलं नाही. म्हटलं, तुझ्या परीक्षा करणाऱ्यांना वाईट वाटायला नको.

कसं परत घेतलंस, काय विकलंस, विचारत नाही. चिठ्ठीत नुसतं "आमा, घे" लिहिलंयस, तेही हातानं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे.

माफ केलं असं समजू नकोस. पण परवा रताळ्याचं वर्ष भरतंय. लाल कासवं करणार आहे, तांदळाच्या पिठाची, गोड सारणाची. तांदूळ भिजत घातलाय. तुझ्या वाट्याची केळीच्या पानावर वेगळी ठेवते. त्या मुलीलाही आण. तिची आईही येऊ दे, घर बघायची सवय आहे तर आपलंही बघेल.

ये.

आमा


चांगचौ. अकरावा महिना, रताळ्याचं वर्ष भरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी

डुकरास,

तू आला नाहीस. कारण आता मला कळलंय.

अंगणात ऊन चांगलं होतं. सुपात लेखणी, फूटपट्टी, कांद्याची पात, वाटीभर तांदूळ, सगळं मांडलं होतं, पोर जे उचलेल ते त्याचं पुढचं आयुष्य. रताळ्यानं कांद्याची पात उचलून खाल्ली. कांदा म्हणजे अक्कल, म्हणून माझी धाकटी नणंद म्हणाली, "हा हुशार होणार." मी म्हटलं, "हा शेवयांवर कांदा घालणार, बापासारखा. त्यात काय वाईट?" सगळे हसले. तुझ्या वाट्याची कासवं पानावर झाकून ठेवली होती. नणंदेनं विचारलं, ती कुणाची? मी म्हटलं, मांजराची.

मग मी नाणं काढलं. पूर्वीपासूनचा रिवाज आहे, बाईच्या हातात देण्याआधी चार अक्षरं पोराला वाचून दाखवायची. मी वाचते म्हणजे काय करते, ते तुला आठवत असेल. चष्मा लावला तरी मला ती कित्येक वर्षांत दिसलेली नाहीत. मी पाठ म्हणते आणि अंगठा फिरवते. तिसरं अक्षर तर नाहीच. लष्कर कधीच गेलं, राखेनं खाल्लं. तिथं अंगठा बसेल एवढा खळगा आहे.

मी रताळ्याला मांडीवर घेतलं, नाणं उन्हात धरलं आणि वाचलं. चांग. चौ. लष्कर. पगार.

चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता.

चारही अक्षरं मला दिसत होती. लष्कर तर नव्या नवरीसारखं उभं होतं. अंगठा फिरवला, तिथं बोटाला धार लागली.

तर माझं पत्र वाचून तू हे शिकलास. आमा अंडं उकडते, तर आमाला खरी चांदी द्या. चांदी खरी, नाणं खोटं. पुस्तकातलं चित्र दाखवून करून घेतलंस ना? पुस्तकात चांगलं नाणंच छापतात. आपलं घासलेलं होतं, हे तूच मला लिहिलं होतंस, आणि तूच विसरलास. पहिल्यांदा फसवलंस तेव्हा मला म्हातारी समजलास, ते ठीक, मी आहे म्हातारी. या वेळी मी तांदूळ भिजत घातले होते रे.

मी छिन्नी मागितली. नणंद म्हणाली, "आत्ता कालवं उघडतेस?" मी नाणं पायरीच्या दगडावर ठेवलं आणि चिरलं. दोन घाव लागले, हातात जोर उरला नाही. मी म्हटलं, "हे खोटं आहे. खरं डुकरानं विकलं. याच्या आधीचंही खोटं होतं, आणि ते मी काजळी लावून खरं म्हणून दाखवलं. माझ्या हातून गेलंय, तेव्हा भरपाई माझी."

आ-हुन उठली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं, आमा."

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी काजळी रताळ्याच्या अंगरख्याला लागली होती. धुतली तरी गेली नाही. काळ्या पडलेल्या चांदीचा डाग कपड्याला लागतो का कधी?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढी मेहनत घेऊन लपवत होतीस," ती म्हणाली. "म्हटलं, म्हातारीचा विरस नको."

"आणि ते दादा मनाचा वाईट नाही म्हणून नाचत होतीस ते?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

बघ. तुझी लाज राखायला या घरात दोन बायका एकमेकींशी चार महिने खोटं बोलत होत्या. लाल पाकिटातल्या पैशांचं विचारलं तर म्हणाली, "गाड्याला नवीन शेगडी घेतली. दादा खोटा असला तरी शेगडी पेटते." ही पोरगी माझ्यावर गेलीय. तिची काळजी नाही.

मी हातातलं कडं काढून तिला दिलं. सासूनं घातलेलं, माझ्याबरोबर शवपेटीत जायचं ठरलेलं. निघता निघेना, साबण लावून काढलं. रताळ्याच्या पुढच्या तापाला ते अंड्यात मावणार नाही, रुमालात अंड्याला गुंडाळून फिरवावं लागेल. चालेल. भरपाई झाली. नणंद आता गावभर सांगेल, सांगू दे. पारखणाऱ्याला लाज खोटं नाणं चिरायची नसते, चालवायची असते.

या पाकिटात तुझं चांदीचं नाणं घातलंय, चिरलेलं. चांदी खरी आहे, वजनावर कुणीतरी घेईल. तुझ्या पहिल्या हप्त्यात ओत.

पहिलं खोटं मी ठेवलंय, ते पांढऱ्या तांब्याचं, चांदीसारखं दिसणारं पण काळं न पडणारं. पुरचुंडीत, उशीखाली, आपल्या जुन्या नाण्याच्या जागी. कशाला, ते सांगते, म्हणजे ऐन वेळी गोंधळ नको.

तू या घरचा थोरला नातू. मी मेले की धूपपात्र तुलाच धरावं लागेल, आणि माझ्या तोंडात चांदी ठेवायचा मान तुझाच. तू येशील. लग्नाला, वाढदिवसाला आला नाहीस तरी तिथं येशील, कारण तिथं लोक बघतात. माझी सासू म्हणायची, मेलेल्याच्या तोंडात चांदी ठेवतात ती त्याची जीभ बांधायला, म्हणजे वरच्या दरबारात घरच्यांचं उणंदुणं बोलायला नको. तिच्या तोंडात मी ठेवली होती. तिला माझ्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

आ-हुनला मी बजावून ठेवलंय, कडं परत घालायचं नाही, दुसरी चांदी आणायची नाही. डुकराच्या हातात पुरचुंडी द्यायची.

तू ते तांबं आपल्या हातानं माझ्या तोंडात ठेव. मग मी तिथं जाऊन बोलेन.

आमा